बिननाकाची बाई

पडद्यावर माझी बाई हसली आणि पहिल्या रांगेतलं एक मूल भोकाड पसरून रडायला लागलं.

मुलुंडच्या एका महिला मंडळाचा हॉल. ऐंशीच्या दशकाची सुरुवात. मी अंधेरीतल्या एका ॲनिमेशन स्टुडिओत होते. मसाल्याच्या जाहिरातीसाठी स्वयंपाक करणारी बाई हवी होती. क्लायंटचं काही ठरेना, म्हणून बॉसनी दोन नमुने करून घेतले. एक माझा, एक माझ्याबरोबर काम करणाऱ्या सुहासचा. मंडळातल्या बायका म्हणतील तो फायनल.

माझं काम रोटोस्कोपचं. म्हणजे खऱ्या बाईचं शूटिंग करायचं आणि एकेक फ्रेम कागदावर ट्रेस करायची. पापण्या, हनुवटी, पदराच्या चुण्या, सगळं हुबेहूब. मान मोडून केलं होतं. सुहासची बाई म्हणजे गोल चेहरा आणि डोळ्यांच्या जागी दोन टिंबं. आर्ट स्कूलमध्ये एकत्र होतो तेव्हाही असंच. राबायचं मी, कौतुक त्याचं.

त्याची बाई पडद्यावर आली. फोडणी दिली, ठसका लागला, टिंबं मिटली. अख्खा हॉल हसला.

मी न राहवून एका काकूंना विचारलं, "पहिली का नाही आवडली?"

"छान आहे गं. पण बघते कशी! अंगात आल्यासारखी. भीती वाटते."

"आणि ही?"

"ही आमच्या शेजारची मालू."

"काकू, तिला नाकसुद्धा नाहीये!"

"हो? लक्षातच नाही आलं."

स्टुडिओत परतल्यावर बॉस म्हणाले, "सुहासची घेतोय. पण तिची चाल लाकडी आहे. ती तू कर."

"आणि नाव कुणाचं लागणार?"

"डिझाइन त्याचं, नाव त्याचं."

सुहास म्हणाला, "यार, तुझ्याशिवाय ती चालणारच नाही." मनापासून म्हणाला. त्याचाच जास्त राग आला.

मी केलं. माझ्या ट्रेसिंगमधून पातेलं उचलताना कमरेवर येणारा भार तेवढा घेतला, चेहरा टाकून दिला. जाहिरात थिएटरांत गाजली. क्लायंटनं पुढची कामं सुहासला दिली.

चित्र माणसाच्या फार जवळ गेलं की लोक त्यातली चूक शोधतात. दोन टिंबं दिली की उरलेला माणूस स्वतःच भरतात. हे मला तेव्हाच पटलं. सुहासला ते कुणी न शिकवताच येत होतं, हे मात्र अजून पचलेलं नाही.