रामराव सरांची साक्ष

जमुनाचे वडील मोतीराम अकोल्याच्या जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचे. छप्पन साली घरानं बौद्ध धम्म घेतला आणि तीन वर्षांनी जमुना अमरावतीच्या कॉलेजात गेली. तिथं रामराव सर नीतिशास्त्र शिकवत. जुन्या ग्रीकांचा विचार सांगताना ते खडू खाली ठेवत.

"सुरीचं काम कापणं, डोळ्याचं काम पाहणं. मग माणसाचं काम काय? विवेकानं जगणं. आणि सद्गुण पाठ करून येत नाही. धीटपणे वागत गेलं की माणूस धीट होतो."

जमुनाला हे इतकं पटलं की दिवाळीच्या सुट्टीत तिनं ते वडिलांनाही समजावून सांगितलं.

वसतिगृहात तिच्यासाठी आणि आणखी दोघींसाठी पाण्याचा माठ वेगळा होता, बाहेर ओसरीवर. एकदा सर तिथं जेवायला आले आणि त्यांनी तो पाहिला.

"तू तक्रार लिही," ते म्हणाले. "मी साक्ष देईन."

तिनं लिहिली. बाकी दोघींनी भीतीनं सही केली नाही. कॉलेजच्या कमिटीपुढं वसतिगृहाच्या अधीक्षिका मनकर्णाबाईंनी सांगून टाकलं, माठ सगळ्याच मुलींचा आहे. मग सरांना विचारलं.

कागदाकडे बघत ते म्हणाले, "मला तसं काही आढळलं नाही."

जमुना ताडकन उठली. "सर, तुमी तं सोताच्या डोयानं पायला! तुमीच मले लिवाले सांगतलं!"

खोटी तक्रार केली म्हणून तिला आठ दिवसांत खोली सोडायला लावली.

जिन्यात सरांनी तिला गाठलं. "माझी नोकरी कायम व्हायची आहे, जमुना. वेळ ओळखणं हाही विवेकच."

"याले विवेक काहून म्हनता, सर? भेलो म्हना. मी समजून घेईन."

सर जिना उतरून गेले.

पुढं बडनेऱ्याला मावशीकडे राहून, रोज ये-जा करून तिनं बी.ए. पूर्ण केलं आणि मूर्तिजापूरच्या शाळेत शिक्षिका झाली. सदुसष्ट साली तिथल्या बक्षीस समारंभाला रामराव सर पाहुणे म्हणून आले. आता ते प्राचार्य होते. जमुनाबाईंनी त्यांना चहा दिला. खोलीत दोघंच उरल्यावर सर हळूच म्हणाले, "अजून राग आहे?"

"तुम्ही शिकवलं ते खोटं असतं, तर केव्हाच विसरले असते. पण ते खरं होतं, सर. मी मुलींना तेच शिकवते. कोणाकडून शिकले, तेवढं मात्र सांगवत नाही."

तेवढ्यात बोलावणं आलं. सर अर्धा कप तसाच ठेवून भाषणाला गेले. जमुनाबाई मुलींच्या रांगेत जाऊन बसल्या. भाषण संपलं, टाळ्या झाल्या. जमुनाबाईंचे हात मांडीवरच राहिले.