आक्काच्या पांढऱ्या पेशी

बायको गेल्यापासून मला वाचवत नाही. पुस्तक उघडतो, पान तेच राहतं. म्हणून थोडं थोडं लिहितो.

तिला मल्टिपल स्क्लेरोसिस झाला होता. अंगातल्या ज्या पांढऱ्या पेशींनी जंतूंशी लढायचं, त्याच मेंदूत शिरून नसांवरचं आवरण कुरतडत होत्या. इंटरफेरॉनचं इंजेक्शन त्यांचा आवेश उतरवतं, त्यांना मेंदूत शिरणं अवघड करतं. आजार बरा होत नाही, झटके कमी येतात एवढंच. इंजेक्शन घेतलं की तिला ताप भरायचा, हुडहुडी थांबायची नाही.

तिचा धाकटा भाऊ कसबा बावड्यात म्हशी पाळतो. तरुणपणी तालमीत होता. बहिणीचे हाल बघून तो गुळवेलीचा काढा आणू लागला. करोनापासून प्रतिकारशक्तीसाठी घरोघरी तोच चालतो.

"आक्का, पी. ताकद वाढंल."

"अरे येड्या, माझ्या पेशी आधीच माजल्यात. त्यांना आवरायला मी सुया टोचून घेते, आणि तू त्यांनाच खुराक घालतोस?"

"म्हंजे तुझीच माणसं तुला मारत्यात?"

"व्हय. आपल्या भावकीसारखी."

तो हसला, पण काढा ठेवूनच गेला. ती तो मोरीत ओतत असेल, असं मी धरून चाललो होतो.

पुढच्या तपासणीत पांढऱ्या पेशी थोड्या उतरल्या होत्या. इंजेक्शननं ते अपेक्षितच होतं. पण यकृताचे आकडे फार चढले होते. "आणखी काय घेता?" डॉक्टरांनी विचारलं.

"काढा," ती म्हणाली. "भाऊ स्वतः कुटून आणतो. टाकवत नाही."

यकृत इंजेक्शननंही बिघडू शकतं, गुळवेलीनंही. डॉक्टरांनी दोन्ही थांबवलं. इंजेक्शन पुन्हा सुरू होण्याआधीच मोठा झटका आला. त्यातून तिचे पाय सावरले नाहीत. ती अंथरुणाला खिळली आणि पुढं न्यूमोनियानं गेली.

दिवसकार्य उरकल्यावर भाऊ माझ्याजवळ येऊन बसला.

"दाजी, खरं सांगा. माझ्या काढ्यानं गेली का आक्का?"

"यकृत कशानं बिघडलं ते कळलंच नाही. इंजेक्शन चालू असतं तरी झटका आला असता, कदाचित. मला माहीत नाही."

"नुसतं न्हाय म्हणा की."

ती असती तर तिनं चटकन म्हटलं असतं. मला म्हणवलं नाही.

तो अजून येतो. दुधाची किटली ठेवतो, बसतो, आणि जाताना तेच विचारतो. मी तेच सांगतो.