डोंगर न दिसणारा पायथा

विमानतळावरून मॉरिसव्हिलला जाताना मी गाडीच्या काचेला नाक लावून डोंगर शोधत होते. लाँड्री, टायरचं दुकान, दाताचा दवाखाना, जो तो आपल्या पाटीवर ‘पीडमाँट’ लिहून बसलेला. वाईच्या शाळेत मी जन्मभर भूगोल शिकवला, त्यामुळे हा शब्द माझ्या ओळखीचा. मूळ नाव इटलीतल्या एका प्रांताचं, अर्थ डोंगराचा पायथा. इंग्रजीने ते उचललं आणि डोंगराच्या पायाशी पसरलेली उतरती जमीन कुठेही दिसली, की तिला पीडमाँट म्हणायला सुरुवात केली. अमेरिकेच्या पूर्वेकडच्या एका लांबलचक पट्ट्याला तर ते कायमचं चिकटलं. तो पट्टा मी फळ्यावर तांबड्या खडूने किती वेळा काढला असेल, आणि आता प्रत्यक्ष त्यात आले, तर नुसती पाइनची झाडं.

“पायथा हा, मग डोंगर कुठाय?” मी विचारलं.

“तीन तासांवर,” गाडी चालवणारे माझे मेहुणे वसंतराव म्हणाले. “ताई, इथे सगळंच मोठं. पायथासुद्धा.”

मागे बसलेली माझी धाकटी बहीण शालन हसली नाही. का, ते घरी पोचल्यावर कळलं. वसंतरावांनी नवं घर पसंत केलं होतं. बिल्डरकडे सही तेवढी राहिली होती आणि शालनने दोनदा अपॉइंटमेंट कॅन्सल केली होती. आता सोमवारची शेवटची.

“घर घेतलं की संपलं ग,” भांडी विसळताना ती म्हणाली. “मग परत जायचं नाव कोणी काढणार नाही. आणि इथे सूर्य मावळतो तो पार्किंग लॉटमध्ये. आपल्याकडे कसा डोंगरामागे जायचा, आणि मग कितीतरी वेळ नुसता उजेड राहायचा.”

मी विसळलेली भांडी पुसत राहिले. खरं सांगायचं तर सही होऊ नये, असंच मला वाटत होतं. वाईच्या घरातली माडीवरची खोली मी तिच्यासाठी राखून ठेवली होती. शेजारच्या कुसुमताई विचारायच्या, “शालन कधी येणार?” आणि मी दर वेळी सांगायचे, “आता येईलच, कायमची.”

शनिवारी वसंतराव म्हणाले, “चला, ताईंना डोंगर दाखवून आणू.” पोळ्या, बटाट्याची भाजी आणि थर्मासभर चहा घेऊन आम्ही पश्चिमेला निघालो. दुपारनंतर क्षितिजावर निळी रेघ उमटली. मी “तो बघा” म्हणेपर्यंत गाडीच्या बॉनेटमधून वाफा निघू लागल्या. एका लहानशा गावात, एका घरासमोर गाडीने मान टाकली.

त्या घराच्या पोर्चवर (पडवीत) एक म्हातारी शेंगा सोलत बसली होती. तिने रेडिएटरसाठी बादलीभर पाणी दिलं आणि इंजिन निवेपर्यंत आम्हाला आत बोलावलं. तिचं नाव लीना. तिचे आईवडील शेतकरी, लग्नानंतर इटलीहून इथे आलेले. इटलीत कुठून, असं मी विचारलं, तर म्हणाली, “पीडमाँट. खरंखुरं, पहिलं.” मला तर परीक्षेत पहिला नंबर आल्यासारखं झालं.

आम्ही मांस खात नाही म्हटल्यावर तिने पोलेन्टा (मक्याचं पीठ घोटून शिजवलेला घट्ट गोळा) केला, पाटवड्यांसारखा फळीवर ओतला आणि चक्क दोऱ्याने कापला. आमच्या बटाट्याच्या भाजीबरोबर तो छान लागला. वसंतरावांनी तीनदा मागून घेतला.

शालनचा हात मात्र ताटातच थांबला होता. “तुमच्या आईला परत जावंसं वाटायचं?” तिने विचारलं.

“रोज,” लीना म्हणाली. “‘माझे डोंगर, माझे डोंगर’ करायची. आम्हाला वाटायचं, तिकडचे. शेवटच्या आजारात म्हणाली, पलंग खिडकीशी घ्या, माझे डोंगर दिसू देत.” तिने खिडकीकडे बोट केलं. “हे.”

बाहेर सूर्य डोंगरामागे गेला आणि उजेड मागे राहिला. शालन उठून पोर्चवर गेली आणि अंधार पडेपर्यंत उभी राहिली. मला रडू येत होतं. ती सही करणार हे मला तिच्या पाठीवरूनच कळलं.

सोमवारी तिने सही केली, फक्त एक अट घालून. स्वयंपाकघराची मोठी खिडकी पश्चिमेला हवी.

“अग, तिकडे शेजाऱ्यांचं गॅरेज येतं,” वसंतराव म्हणाले. “आणि डोंगर काही इथून दिसणार नाही.”

“माहीत आहे,” शालन म्हणाली. “पण आहे ना तिकडे.”

वाईला परतले त्या संध्याकाळी मी माडीवरची खोली उघडली, गादीवरची धूळ झटकली आणि खिडकी लोटली. सूर्य नुकताच डोंगराआड गेला होता. खाली अंगणात कुसुमताई दोरीवरचे कपडे काढत होत्या. मला पाहून त्यांनी नेहमीसारखं विचारलं, “शालन कधी येणार?”

“डिसेंबरात,” मी म्हटलं. “पाहुणी म्हणून.”