कॅलेंडरवरच्या रेघा आणि फुल्या

आमच्या सासूबाईंचे गुडघे दोनच, पण घरात गाजावाजा दहा गुडघ्यांचा. उठताना "आई गं", बसताना "आई गं", नुसतं पातेलं पुढे ओढलं तरी "आई गं". तीस वर्षं त्यांनी पायमशीनवर शाळेचे गणवेश शिवले. "इथल्या निम्म्या साहेबांच्या पहिल्या चड्ड्या माझ्या गुडघ्यांनी शिवल्यात," असं त्या ऐटीत सांगतात. आणि त्यात खोटं काही नाही.

पाच वर्षांपूर्वी हॉस्पिटलात गुडघेदुखीचा अभ्यास सुरू झाला. झिजलेल्या गुडघ्यांच्या माणसांचे दोन गट केले. एका गटाला इंजेक्शनं, दुसऱ्याला व्यायाम. पाच वर्षांनी कोणाचं दुखणं खरंच कमी राहिलंय, ते बघायचं. सासूबाई व्यायामवाल्यांत गेल्या. घोट्याला वाळूची पिशवी बांधून रोज पाय वर-खाली. दर तीन महिन्यांनी एक मुलगी घरी येऊन विचारायची, "गेल्या आठवड्यात किती दुखलं? शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही." आम्ही तिला फॉर्मवाली म्हणायचो. ती आली रे आली की सासूबाई मला चहा करायला पिटाळायच्या. त्यामुळे त्या आकडा काय सांगतात, ते माझ्या कधी कानावर आलंच नाही.

माझा अभ्यास वेगळाच चालला होता. संध्याकाळी नवऱ्याची पावलं जिन्यात वाजली, की सासूबाईंचं "आई गं" दुप्पट मोठं व्हायचं. मग तो माझ्याकडे असा बघायचा, जसं काही मीच त्यांच्या गुडघ्यावर उभी होते. म्हटलं, थांबा, दाखवतेच! स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मी खुणा करायला लागले. खरं "आई गं" असेल तर उभी रेघ, नाटकी असेल तर फुली. महिना संपला की पानाचा फोटो काढायचा आणि भर ऑफिसात नवऱ्याच्या फोनवर पाठवायचा. खाली लिहायचं, "एकूण फुल्या एकेचाळीस. कळावे." खोडच ती. पण पाच वर्षं एक महिना चुकवला नाही.

सासूबाईंची धाकटी बहीण आमच्या समोरच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहते. लिफ्ट नाही. मावशी पडल्यापासून खाली उतरत नाहीत, आणि सासूबाईंना दोन वर्षांत तो जिना चढता आलेला नव्हता. त्यामुळे दोघी खिडकीतून खिडकीत ओरडून बोलायच्या. कोणाची सून काय म्हणाली, कोणाला पोट साफ होत नाही, सगळं अख्ख्या गल्लीला तोंडपाठ. सासूबाईंचं एकच म्हणणं होतं, "एकदा तिच्याजवळ बसून बोलू द्या. मग गुडघे मोडले तरी चालतील."

पाच वर्षं पुरी झाली आणि मोठ्या डॉक्टरांनी बोलावलं. कोणाचं ऑपरेशन करायचं, ते आता ठरणार होतं. मी सोबत गेले. फॉर्मवाली फाइल घेऊन बाजूला बसली होती. डॉक्टरांनी पानं उलटली आणि खूश झाले.

"वा! पाच वर्षं दुखणं दोनच्या वर गेलेलं नाही. एक्स-रे चांगला नाही, पण एक्स-रे आणि दुखणं यांचं नेहमीच जमतं असं नाही. आम्ही माणसाचा शब्द धरतो. ऑपरेशनची गरज नाही, व्यायाम चालू ठेवा."

सासूबाई मान खाली घालून पदराचं टोक पिळत बसल्या. माझं डोकंच फिरलं.

"दोन?" मी म्हटलं. "अहो आई, दोन? आणि मग घरात मी पाच वर्षं काय ऐकतेय?"

रागाच्या भरात पर्समधून फोन काढला आणि डॉक्टरांच्या पुढ्यात ठेवला. साठ महिन्यांचे साठ फोटो. डॉक्टर आधी हसले, मग चष्मा सारखा करून एकेक बघायला लागले.

"रेघ आणि फुली म्हणजे काय?"

आता आली का पंचाईत! सासूबाईंसमोर सांगावं लागलं. "फुली म्हणजे नाटक. ते मोठ्याने येतं, ऐकणारं कोणी असलं की. रेघ म्हणजे खरं. ते दुपारी येतं, हळूच, मी झोपलेय असं यांना वाटतं तेव्हा."

"नाटक!" सासूबाई उसळल्या. "पाच वर्षं माझ्या कण्हण्यावर पाळत ठेवलीस?"

डॉक्टर मात्र फोनवरून नजर काढेनात. "पहिल्या वर्षी फुल्याच जास्त आहेत," ते म्हणाले. "शेवटच्या वर्षात फुली शोधावी लागतेय. सगळ्या रेघा."

रोज माझ्याच हाताने काढत होते, आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं.

डॉक्टरांनी सासूबाईंना विचारलं, "मग आजी, दोन का सांगत होता?"

त्यांनी फॉर्मवालीकडे बोट दाखवलं. मग म्हणाल्या, "फॉर्ममध्ये पुढचा प्रश्न असायचा, घरात मदतीला कोण. मी म्हणायचे, सून. आता नऊ सांगून वर सून सांगितलं, तर ही परकी पोर काय समजेल? सून असून म्हातारीचे असे हाल? सुनेचं नाव खराब झालं असतं."

मला इतकी लाज वाटली, की फोन उचलून पर्समध्ये टाकायलाही हात होईना. मी यांच्या फुल्या मोजत होते, आणि या माझ्यापायी आपलं दुखणं गिळत होत्या.

"खरं सांगा, आज किती?" डॉक्टर म्हणाले.

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं.

"सांगा ना, आई," मी म्हटलं.

"नऊ. पण सून चांगली आहे, तेही लिही."

"त्याला रकाना नाहीये, आजी," फॉर्मवाली म्हणाली.

"मग कडेला लिही."

तिने लिहिलं, आणि सासूबाईंनी चष्मा लावून वाचून घेतलं.

ऑपरेशन झालं. चौथ्या महिन्यात त्या काठी घेऊन समोरच्या इमारतीत शिरल्या. मला बरोबर येऊ दिलं नाही. मी खिडकीत जीव मुठीत धरून उभी. बऱ्याच वेळाने तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत दोन डोकी दिसली.

"एकदाच 'आई गं' म्हटलं!" सासूबाई ओरडल्या. "दुसऱ्या मजल्यावर! खरंच होतं, रेघ काढ!"

आणि त्यांनी खिडकी लावून घेतली. दोन वर्षांत पहिल्यांदाच गल्लीला काही ऐकू आलं नाही. मी रेघ काढली आणि परत खिडकीशी येऊन कान लावून उभी राहिले. माझ्याबद्दल काय बोलतायत, कोण जाणे!