आईने कुंकू लावलेलं रशियन जहाज

आज डोकं फिरलंय, म्हणून इथे लिहितेय.

दुपारी एका मैत्रिणीने लिलावाची लिंक पाठवली. जुनं रशियन चित्र, बंदरात उभी जहाजं. हे तर आमच्या कोपरखैरण्याच्या हॉलमधलं. बाबा मालवाहू जहाजावर फिटर होते, त्यांनी तिकडून आणलेलं. दादाने मागच्या महिन्यात ते फ्रेम बदलायला नेलं आणि परत आणून लावलंही होतं. मग हे काय?

खाली लिहिलं होतं, 'मधल्या जहाजावरचा लाल डाग साफ केला आहे.'

तो डाग नव्हता. दसऱ्याला लोक हत्यारं पुजतात. बाबांचं जहाज घरी कसं आणणार? म्हणून आई दरवर्षी चित्रातल्या जहाजाला कुंकू लावायची. बाबा गेल्यावरही.

दादाला फोन केला. म्हणाला, "टेन्शन नको घेऊस, भिंतीवर प्रिंट लावलीय. आईला आता कुठे नीट दिसतंय?"

मग आईला विचारलं.

"डोळ्यांना नाही दिसत, पण बोटांना कळतं गं. जहाज गुळगुळीत लागलं, तेव्हाच समजले मी."

मुलाची अब्रू जाऊ नये म्हणून ती महिनाभर गप्प राहिली. मी का राहू, सांगा.