घोडी, ट्रेलर आणि अर्धवट मंगलाष्टकं

गाडी तयार होती, ट्रेलर तयार होता, घोडी तयार नव्हती.

खडवलीला भोईरांच्या अंगणात मी आणि माझा फिटर विलास भर दुपारी घामाघूम उभे होतो. संध्याकाळी ठाण्यात टेंभी नाक्याला वरात होती. नवरदेवाच्या मामांचे सारखे फोन येत होते. आणि चांदणी नावाची ती पांढरीशुभ्र घोडी रॅम्पवर दोन पाय ठेवायची, ट्रेलरमध्ये डोकावायची आणि परत मागे यायची.

ठाण्यात कोपरीला माझं वर्कशॉप आहे. कंपनीतून गाडी बाहेर पडल्यावर लोकांना तिच्यात जे जे कमी वाटतं, ते आम्ही बसवतो. बरीचशी गिऱ्हाईकं लडाखचं बोलतात, टपावर तंबू लावून घेतात आणि इथल्याच येऊरच्या टेकड्यांवर जाऊन येतात. भोईरांचं तसं नव्हतं. ते लग्नाच्या वरातीला घोडी भाड्याने देतात. पूर्वी चांदणीला पिकअपच्या हौद्यात उभी करून न्यायचे. एकदा चढताना ती घसरली आणि गुडघा फुटला. जखम भरली, पण भोईरांनी तिला पुन्हा हौद्यात चढवलं नाही. कमी उंचीचा ट्रेलर बनवून घेतला, त्याचं RTO पासिंग केलं आणि डबल केबिनची पिकअप माझ्याकडे आणली.

“ताई, तो वरती जाणारा पाइप पण लावा. बाकीच्यांच्या गाडीला असतो तो.”

“तो स्नॉर्केल. पाण्यातून गाडी नेताना इंजिनमध्ये पाणी जाऊ नये म्हणून. तुम्ही नदीतून वरात नेणार आहात का?”

“नाय. मग लाइट तरी जास्त लावा.”

लाइट लावले. खरं काम मात्र टो-हिचचं होतं. टो-हिच म्हणजे गाडीच्या चासीला बोल्ट केलेला दांडा. त्याच्या टोकाला लोखंडी गोळा असतो, त्यावर ट्रेलरचं नाक बसतं. ट्रेलरच्या चाकांना वेगळे ब्रेक दिले, त्यांचं बटण ड्रायव्हरच्या हाताशी. राहिलं वजन. ते ट्रेलरमध्ये थोडं पुढे, नाकाकडे हवं. मागे सरकलं की ट्रेलर शेपटीसारखा हलतो आणि गाडीलाच ओढायला लागतो. मी वाळूच्या गोण्या भरून टेस्ट घेतलेली. गोण्या उत्तम वागलेल्या.

इथे गूळ झाला, गाजर झालं, चणे झाले. विलास स्वतः रॅम्पवरून आत जाऊन दाखवून आला. चांदणीने ते शांतपणे पाहिलं.

“ती बँड वाजल्याशिवाय पाऊल टाकत नाय,” भोईर म्हणाले.

“हे आधी का नाही सांगितलं?”

“तुम्ही गाडीचं विचारलं. घोडीचं कुठे विचारलं?”

भोईरांच्या मुलीचा ब्लूटूथ स्पीकर आणला, ट्रेलरच्या पुढच्या जाळीला बांधला आणि विलासने मोबाइलवर वरातीचं गाणं लावलं. चांदणी ताठ मानेने आत गेली. शेजारच्या म्हाताऱ्या आजी कोणाचं लग्न म्हणून बघायला आल्या.

गाणं चालू ठेवूनच निघालो. पडघ्याला हायवेला लागेपर्यंत सगळं ठीक होतं. मग गाडीचं मागचं अंग डावी-उजवीकडे ओढलं जायला लागलं. गाडी चालवणाऱ्या विलासने स्टिअरिंग घट्ट धरलं.

“मॅडम, हिच ढिला झाला काय?”

मी मागच्या काचेतून पाहिलं. ट्रेलर नीट जोडलेला होता.

“विलास, ती नाचतेय.”

अशा वेळी गाडीचा ब्रेक दाबायचा नाही. ॲक्सिलरेटर सोडायचा आणि फक्त ट्रेलरचा ब्रेक हलका लावायचा. विलासने तसंच केलं. गाडी कडेला थांबली. गाणं बंद केलं तर चांदणी लाथा मारायला लागली, चालू केलं की पुन्हा नाच. मागच्या सीटवरून उतरलेले भोईर तिच्या तोंडावरून हात फिरवत म्हणाले, “हिला काय झालं तर मी हा धंदाच बंद करीन.”

मी विचारलं, “लग्नात ती स्थिर कधी उभी राहते?”

त्यांनी विचार केला. “मंगलाष्टकं चालू असतात तेव्हा. मी बाहेर तिला चणे देतो ना.”

आमच्या कोणाच्या मोबाइलवर मंगलाष्टकं नव्हती आणि नेटवर्कही नव्हतं. पण इतक्या लग्नांच्या दारात उभं राहून भोईरांना ती तोंडपाठ झालेली. हायवेच्या कडेला, कानावर हात ठेवून त्यांनी ती म्हटली आणि मी रेकॉर्ड केली. चांदणी पुतळ्यासारखी उभी. शेवटचं कडवं सुरू झालं तशी तिने मान वर केली, आणि शेवटचं ‘सावधान’ म्हटल्याबरोबर ट्रेलर हादरला. त्यानंतर बँड वाजतो हे तिला पक्कं ठाऊक होतं.

शेवटचं कडवं कापलं. उरलेली पुन्हा पुन्हा वाजत ठेवली.

माजिवड्याच्या सिग्नलला शेजारी एक स्कूटर थांबली. मागच्या बाईंनी आधी स्पीकरचा आवाज ऐकला, मग पुढे बसलेले मी आणि विलास, मग आरशाला लटकलेला झेंडूचा हार पाहिला.

“गाडीतच?” त्यांनी विचारलं.

“मॅडम, माझं सासर इथंच आहे,” विलास पुटपुटला आणि त्याने काच वर केली.

टेंभी नाक्याला पोहोचलो तेव्हा नवरदेव फुटपाथवर खुर्ची टाकून बसलेला. बँड सुरू झाला आणि चांदणी रॅम्पवरून अशी उतरली की मामा रागवायचंच विसरले. भोईर कितीतरी वेळ तिचे गुडघेच तपासत होते.

पुढच्या आठवड्यात मी ट्रेलरमध्ये जाड रबरी मॅट टाकली, चांदणीला मागे सरकता येऊ नये म्हणून पाठीमागे गादीचा आडवा बार बसवला आणि एक कायमचा स्पीकर लावला. आता ट्रेलरचं काम आलं की मी फक्त वजन विचारत नाही. आत जे जाणार आहे त्याला काय ऐकायला आवडतं, हेही विचारते. परवा एक गृहस्थ त्यांच्या बोटीसाठी आलेले. ते मला वेडी समजून दुसरीकडे गेले.