तीन नंबरची पारी

पाणी सोडावं कसं, हे अख्ख्या भंडारा जिल्ह्यात एकाच माणसाला कळतं, आणि तो माणूस माझा थोरला साडू आहे. जिल्ह्यात तलाव एवढे, वैनगंगेवर धरण एवढं मोठं, त्यावर शिकलेली माणसं नेमलेली. त्या सगळ्यांचा यात अपमान होतो, हे मला कबूल आहे. पण मी पाहिलंय ते पाहिलंय. शहापूरला हायवेपासून जरा आत त्यांचं घर. तहसील कचेरीतून ते निवृत्त झाले तेव्हा मुलानं हौसेनं घराभोवती फवारे बसवून दिले. जमिनीत पुरलेले पाइप, बागेचे तीन भाग, प्रत्येक भागाचा आपला व्हॉल्व्ह, आणि भिंतीवर एक घड्याळवाली पेटी, जी ठरल्या वेळी तिन्ही भागांना आपोआप पाणी देते. देते म्हणजे, दिलं असतं. साडूंनी पहिल्याच आठवड्यात पेटी बंद केली आणि तिच्या बटणावर जखमेला लावायची पट्टी चिकटवली. "पेटीले काय समजते गा? पाणी सोडून माणसानं बाजूले होऊ नये," हे त्यांचं म्हणणं. तेव्हापासून ते व्हॉल्व्ह हातानंच उघडतात, एका वेळी एकच, आणि तो बंद होईपर्यंत त्याच्यापासून हलत नाहीत. पाहुणे येवोत, फोन वाजो, शेजारी भांडण पेटो, साडू कंपाउंडच्या कोपऱ्यात व्हॉल्व्हवर हात ठेवून उभे.

हे त्यांच्या रक्तातच आहे. त्यांच्या गावच्या तलावाचं तुडूम, म्हणजे पाणी सोडायचं दार, उघडण्याचं काम पिढ्यान् पिढ्या त्यांच्या घराकडे होतं. वडील तलावाच्या बांधावर उभं राहून आज पाणी घ्यायची पारी कोणाच्या धानाची आहे ते ओरडून सांगत आणि मगच दार उचलत. साडूंकडे आता तलाव नाही, धानाच्या बांध्या नाहीत. पण आरोळी आहे. नुसतं हिरवळीला पाणी द्यायचं असलं तरी आधी छाती भरून घेतात आणि गर्जतात, "एक नंबरची पारी! पाणी सोडून राहिलो होऽऽ!" हायवेवरचा ट्रक चमकून हळू होतो, असं आमच्या सासुरवाडीत सांगतात. एकदा एक कुरिअरवाला नेमका फवाऱ्यावर पाय देऊन उभा होता. नखशिखांत भिजला. "काका, आवाज तरी द्याचा ना!" तो कळवळून म्हणाला. साडू म्हणाले, "देला ना! साकोलीले आयकू गेला, तुले नाई?" मग त्याला टॉवेल दिला, चहा पाजला, आणि ओल्या कपड्यानिशी व्हॉल्व्हजवळ नेऊन तो कसा फिरवायचा तेही दाखवलं. घरी आलेल्या प्रत्येक माणसाला हे शिक्षण घ्यावंच लागतं.

पण मला छळायचा तो तीन नंबर. एक नंबरात हिरवळ होती, दोन नंबरात वांगी. साडूंची वांगी म्हणजे काय सांगू. त्यांचं भरीत खाल्लेला माणूस पुढे आठवडाभर बायकोच्या स्वयंपाकाबद्दल मौन पाळतो. तीन नंबरात मात्र काहीच नव्हतं. पडवीसमोरची उघडी, तांबूस माती. तिच्यावर रोज संध्याकाळी पाणी! मी बँकेत हिशेब करणारा, पंखा चालू राहिला असेल या शंकेनं अर्ध्या रस्त्यात बसमधून उतरून घरी जाणारा माणूस. दात घासताना नळ जरा जास्त वाहिला तरी मला गुन्हा केल्यासारखं वाटतं. त्यातून माझ्या मुलीच्या साक्षगंधात हे गृहस्थ जेवणाच्या पंगतीतून उठले. "तीन नंबर राह्यला," एवढंच म्हणाले आणि बस पकडून गेले. तो राग मी मनात ठेवून होतो. म्हणून पुढच्या रविवारी शहापूरला गेलो आणि धीर करून विचारलं, "भाऊ, रिकाम्या मातीवर पाणी काहून टाकता?"

ते रागावले नाहीत. "खुर्ची घे," म्हणाले. "तुह्या ताईपाशी बस."

ताई म्हणजे माझ्या बायकोची मोठी बहीण. अर्धांगाच्या झटक्यानंतर तिला बोलता येत नाही, चालता येत नाही. पडवीतल्या खुर्चीत बसून असते. फक्त उजवा हात हलतो. उन्हं कलली तशी तिनं त्या हातातली बांगडी खुर्चीच्या दांड्यावर वाजवली. साडू तरातरा कोपऱ्यात गेले, आरोळी ठोकली, आणि व्हॉल्व्हची टोपी दोन बोटांनी जराशी फिरवली. मातीतून काळ्या माना वर आल्या, फुसफुसल्या, आणि पाण्याचे पंखे उघडले. शेजारच्या आंब्यावरून साळुंक्या उतरल्या, मागून चिमण्या, बुलबुल. डबक्यात लोळण काय, पंख झाडणं काय, एकमेकांना ढकलणं काय! एक लंगडी साळुंकी सगळ्यांना दटावत मधोमध बसली. आणि ताई हसली. तोंडाचा एकच कोपरा वर गेला, पण हसली. साडू ना पाण्याकडे बघत होते ना पाखरांकडे. ते तिथून, अंगणाच्या पार दुसऱ्या टोकावरून, तिच्याकडे बघत होते. तिचा हात दांड्यावर स्थिर झाला, म्हणजे पुरे, तसा त्यांनी व्हॉल्व्ह बंद केला. त्या मातीत त्यांनी एकदा सांभार, म्हणजे कोथिंबीर, पेरला होता म्हणे. पण पाखरं त्यात लपायला लागली, ताईला दिसेनात, म्हणून सगळा उपटला. मी चहा न पिता घरी आलो. कुठल्या तोंडानं पिणार?

यंदा उन्हाळ्यात त्यांची विहीर तळाला गेली. मोटर पाण्याऐवजी हवा ओढू लागली. मुलानं फोनवर सांगितलं, "बाबा, आधी तो फालतू तीन नंबर बंद करा." मला वाटलं, आता काहीच उरणार नाही. आठ दिवसांनी गेलो तर हिरवळ पिवळी पडलेली, आणि ती वांगी, ती राजबिंडी वांगी, मान टाकून वाळलेली. तीन नंबरची माती तेवढी ओली होती. मी वांग्यांकडे बघत उभा राहिलो. साडू म्हणाले, "वांगे बाजारात भेटते गा."

मग त्यांनी मला एक काम सांगितलं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी त्यांना एक दिवस भंडाऱ्याला राहायचं होतं. "ऑपरेशन पेपर वाचाले नाई करून राहिलो," ते म्हणाले. "व्हॉल्व्हपासून तिचा चेहरा दिसून नाई राहिला. नुसतं धुकं." त्या दिवशी तीन नंबर मी चालवायचा होता. एवढी भीती मला लग्नातही वाटली नव्हती.

बांगडी वाजली. मी टोपी फिरवली. पाणी आलं, अगदी नीट आलं. एकही पाखरू आलं नाही. ताईनं माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा बांगडी वाजवली, जरा जोरात. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. पाखरं पाण्याला येत नव्हतीच, ती आरोळीला येत होती. मी इकडेतिकडे पाहिलं, डोळे मिटले आणि ओरडलो, "तीन नंबरची पारी! पाणी सोडून राहिलो हो!" आवाज मध्येच फाटला. दोन चिमण्या आल्या. लंगडी साळुंकी कुंपणावर बसून मान वाकडी करून मला न्याहाळत राहिली, खाली काही उतरली नाही. ताईचा हात लवकरच स्थिर झाला. तिनं माझ्यावर दया केली असावी.

दुसऱ्या दिवशी साडू एका डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून आले. दुसरा डोळा अजून धुक्याचाच. बसले नाहीत. "आले होते का?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "थोडेसे." "तुहा आवाज बँकेतला हाय," ते म्हणाले, आणि भिंतीला हात लावत लावत कोपऱ्यात गेले. बांगडी वाजली. त्यांनी छाती भरली. ती आरोळी उठली आणि आंबा एकदम रिकामा झाला. लंगडी सगळ्यांच्या आधी उतरली.

साडू व्हॉल्व्हवर हात ठेवून पडवीकडे तोंड करून उभे होते. काही दिसत नव्हतं त्यांना. मला हळूच म्हणाले, "हासून राहिली का गा?"

मी ताईकडे पाहिलं. माणसाला बरं वाटावं म्हणून आयुष्यात मी फार वेळा खोटं बोललोय. त्या दिवशी बोलावं लागलं नाही.

"हो भाऊ," मी म्हणालो, "हासून राहिली."

त्यांनी व्हॉल्व्ह बंद केला नाही. पट्टीखालच्या डोळ्यानंही जणू तिकडेच बघत राहिले. "रोज सांगशीन का? पट्टी निघेपर्यंत," ते म्हणाले. मी त्यांच्याशेजारी उभा राहिलो.